प्राथमिक शाळेत मोफत आणि पुन्हा वापरता येणारी पाठ्यपुस्तके: योजना उभी करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

शाळा सुरू होताच प्रत्येक मुलाच्या हातात प्रत्येक विषयाचे पाठ्यपुस्तक असावे, त्यासाठी घरच्यांना काहीही मोजावे लागू नये, आणि वर्ष संपल्यावर तेच पुस्तक खालच्या वर्गातून वर येणाऱ्या मुलाच्या कामी यावे, ही कल्पना कोणालाही चटकन पटते. ती अमलात आणताना मात्र खरेदी, हिशोब, नोंदी, दुरुस्ती, साठवण आणि पालकांशी बोलणे अशी निरनिराळी कामे बहुधा एकाच माणसावर येऊन पडतात. ज्या मुख्याध्यापकांनी, शिक्षकांनी, शाळा समितीच्या सदस्यांनी किंवा संस्थेच्या कार्यकर्त्यांनी ही जबाबदारी प्रथमच स्वीकारली आहे, त्यांच्यासाठी ही माहिती कामाच्या क्रमाने मांडली आहे.

पुस्तके उसनी देण्याची पद्धत जुनी आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १८८४ साली कायदा करून पाठ्यपुस्तके सार्वजनिक खर्चाने विकत घेणे आणि ती मुलांना विनामूल्य वापरायला देणे बंधनकारक केले. जपानने दुसरा मार्ग निवडला. तेथे १९६३ मध्ये पहिलीपासून सुरुवात करून १९६९ पर्यंत सक्तीच्या शिक्षणाच्या सर्व इयत्तांना मोफत पुस्तके मिळू लागली, आणि ती पुस्तके मुलाच्या मालकीचीच होतात. दरवर्षी नवी पुस्तके देण्याइतका पैसा कायम उपलब्ध राहणार असेल, तर जपानचा मार्ग मुलांसाठी अधिक सुखाचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या पुस्तकात खुणा करण्याचे आणि ते जपून ठेवण्याचे स्वातंत्र्य मुलाला मिळते. पण तशी खात्री फार थोड्या ठिकाणी असते. युनेस्कोने २०१६ साली दिलेल्या माहितीनुसार कॅमेरूनमध्ये दुसरीच्या वर्गात वाचनाच्या एका पुस्तकामागे १२ आणि गणिताच्या एका पुस्तकामागे १४ मुले होती. अशी स्थिती असताना आलेले प्रत्येक पुस्तक एकापेक्षा अधिक वर्षे चालवणे हाच सर्वांपर्यंत पोहोचण्याचा व्यवहार्य उपाय ठरतो.

काम सुरू करण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. अशा योजना पुस्तकांच्या तुटवड्याने जितक्या अडतात तितक्याच पुस्तके खराब होतील या भीतीनेही अडतात. सिएरा लिओनमध्ये शाळांना मोफत पाठ्यपुस्तके पुरवल्यानंतर झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की बऱ्याच शाळांनी ती मुलांना वाटण्याऐवजी कपाटात ठेवून दिली होती, कारण पुढच्या वर्षी पुन्हा पुस्तके येतील याची त्यांना शाश्वती नव्हती. त्या शाळांचा विचार त्यांच्या जागी समजण्यासारखा होता, पण मुलांच्या हाती काहीच लागले नाही. पुढील प्रत्येक पायरीवर निर्णय घेताना आपली व्यवस्था शिक्षकाला पुस्तक देण्याचे धैर्य देते की ते कुलपात ठेवण्याचे कारण देते, हा प्रश्न स्वतःला विचारावा.

पहिली पायरी: कोणती पुस्तके परत घ्यायची ते ठरवणे

सर्व इयत्तांची सर्व पुस्तके परत घेण्याचा हट्ट धरू नये. पहिली-दुसरीच्या मुलांच्या पुस्तकांत रंगवणे, जोडणे, गिरवणे आणि रिकाम्या जागा भरणे हाच शिकण्याचा मोठा भाग असतो; अशा पुस्तकात लिहू नको असे सहा वर्षांच्या मुलाला सांगणे म्हणजे त्याचा अभ्यास काढून घेणे होय. या इयत्तांना लिहिण्याची पुस्तके दरवर्षी नवी द्यावीत आणि परत मागू नयेत. त्यांची गोष्टींची व वाचनाची पुस्तके मात्र फिरती ठेवता येतात. तिसरीपासून पुढे बहुतेक विषयांत पाठ्यपुस्तक आणि स्वाध्यायपुस्तिका वेगवेगळ्या करता येतात: पाठ्यपुस्तक शाळेचे, स्वाध्यायपुस्तिका मुलाची. पुस्तिका स्वस्त कागदावर छापली तरी चालते, कारण तिला एकच वर्ष टिकायचे असते.

विषयांचीही निवड करावी. चीनने २००८ पासून काही विषयांची मोफत पाठ्यपुस्तके वर्षानुवर्षे फिरवून वापरण्याची पद्धत सुरू केली, तेव्हा प्राथमिक स्तरावर विज्ञान, संगीत, कला आणि माहिती तंत्रज्ञान हे विषय घेतले. या विषयांचे तास कमी असतात, पुस्तक रोज दप्तरात फिरत नाही आणि त्यात लिहिण्याचे कामही थोडे असते, त्यामुळे सुरुवातीसाठी ते सोयीचे आहेत. नवख्या शाळेने पहिल्या वर्षी दोन-तीन इयत्तांचे असेच निवडक विषय घ्यावेत, एक पूर्ण वर्ष पार पाडावे आणि मगच भाषा व गणिताकडे वळावे. एकदम सगळे सुरू केल्यास वर्षाअखेरीस परत आलेल्या पुस्तकांचा ढीग तपासायला माणसे अपुरी पडतात आणि पहिल्याच वर्षी नोंदी कोलमडतात.

दुसरी पायरी: मोजणी आणि हिशोब

मागणी नोंदवण्यापूर्वी तीन आकडे हाताशी हवेत: येत्या वर्षाची अपेक्षित पटसंख्या, सध्या शाळेत असलेल्या आणि खरोखर वापरण्याजोग्या प्रती, आणि दरवर्षी किती प्रती हरवतात किंवा निकामी होतात याचा अंदाज. पटसंख्येत वर्षाच्या मध्यात दाखल होणारी मुले आणि शिक्षकांसाठीच्या प्रती धरायला विसरू नये. शिक्षकाला प्रत मिळाली नाही की तो मुलांच्या वाट्यातील एक प्रत घेतो, आणि एक मूल वर्षभर शेजाऱ्याच्या पुस्तकात पाहत बसते.

समजा, एका वर्गात ४० मुले आहेत आणि चार विषयांची पुस्तके फिरवायची आहेत, म्हणजे १६० प्रती लागतात. दरवर्षी दहातील एक प्रत बाद होते असे धरले आणि मध्ये काहीच खरेदी केली नाही, तर दुसऱ्या वर्षी १४४, तिसऱ्या वर्षी सुमारे १३० आणि चौथ्या वर्षी सुमारे ११७ प्रती उरतात. चौथ्या वर्षी ४३ पुस्तके कमी पडतात, म्हणजे प्रत्येक मुलाच्या वाट्याचे सरासरी एकाहून अधिक पुस्तक. हीच तूट भरून काढण्यासाठी दरवर्षी १६ नव्या प्रती घेतल्या, तर चार वर्षांत एकूण २०८ प्रती लागतात. दरवर्षी नवी पुस्तके दिली असती तर ६४० लागल्या असत्या. टिकाऊ छपाई आणि बांधणीमुळे प्रत्येक प्रत दीडपट महाग पडली, तरी एकूण खर्च नव्या पुस्तकांच्या खर्चाच्या निम्म्याहून कमी राहतो. मात्र त्या १६ प्रतींची वार्षिक तरतूद पहिल्याच दिवशी मंजूर करून घ्यावी लागते. देणगीदार पहिला मोठा संच आनंदाने देतात, पण चौथ्या वर्षीच्या सोळा पुस्तकांसाठी कोणी पुढे येत नाही, आणि बहुतेक योजना तिथेच मोडतात.

पुरेसा पैसा नसेल तर काय करावे, याचेही उत्तर अनुभवातून मिळते. फिलिपिन्समध्ये १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात देशभर पाठ्यपुस्तके पुरवण्यात आली, आणि त्यापूर्वी साधारण दहा मुलांमागे एक पुस्तक असलेले प्रमाण दोन मुलांमागे एकापर्यंत आणण्यात आले. मुलांच्या कामगिरीत स्पष्ट सुधारणा झाली, आणि काही शाळांत प्रत्येक मुलाला स्वतंत्र पुस्तक देऊन पाहिले असता दोघांत एक पुस्तक असलेल्या शाळांच्या तुलनेत फारसा फरक आढळला नाही. त्यामुळे निधी अपुरा असेल तर एका विषयाची पुस्तके सर्वांना देऊन बाकीचे विषय कोरडे ठेवण्यापेक्षा सर्व विषयांत दोघांत एक प्रत देणे अधिक न्याय्य आहे. अशा वेळी जोडीतील दोघांनी पुस्तक आलटून पालटून घरी न्यावे, आणि शक्यतो एकमेकांच्या जवळ राहणाऱ्या मुलांची जोडी लावावी.

तिसरी पायरी: पुस्तकाची निवड आणि बांधणी

टिकाऊपणाचा विचार करण्याआधी पुस्तक मुलांना वाचता येते का, हे पाहावे. केनियात १९९० च्या दशकात ग्रामीण शाळांना मोफत पाठ्यपुस्तके देऊन त्यांचा परिणाम तपासण्यात आला, तेव्हा सरासरी गुण वाढले नाहीत. फायदा झाला तो आधीच पुढे असलेल्या मुलांना. पुस्तके इंग्रजीत होती, ती भाषा बहुतेक मुलांची घरची नव्हती आणि पुष्कळांना ती पुस्तके समजतच नव्हती. चार वर्षे चालणारे पुस्तक चुकीचे निवडले तर ती चूक चार तुकड्यांना भोगावी लागते. म्हणून खरेदीपूर्वी त्या इयत्तेतील पाच-सहा मध्यम वाचन असणाऱ्या मुलांना पुस्तकातील एखादे पान मोठ्याने वाचायला द्यावे आणि त्यात काय सांगितले आहे ते त्यांच्या शब्दांत सांगायला लावावे. ही चाचणी अर्ध्या तासात होते.

पुढची चौकशी अभ्यासक्रमाची. अभ्यासक्रम येत्या एक-दोन वर्षांत बदलणार असेल, तर टिकाऊ बांधणीवर खर्च करण्यात अर्थ नाही; त्या काळापुरती साधी पुस्तके घ्यावीत आणि नवा अभ्यासक्रम आल्यावर फिरत्या संचाची सुरुवात करावी.

आता बांधणी. पुस्तक प्रथम कण्यापाशी मोडते, आणि त्यानंतर मुखपृष्ठाच्या कोपऱ्यांवर. म्हणून शिलाई सर्वांत महत्त्वाची आहे. केवळ सरसाने चिकटवलेल्या पुस्तकाची पाने उन्हाळ्यानंतर सुटू लागतात. पानांच्या घड्या करून दोऱ्याने शिवलेले पुस्तक अनेक वर्षे एकसंध राहते, शिवाय ते बाकावर सपाट उघडते, त्यामुळे मूल त्याचा कणा दाबून मोडत नाही. पातळ पुस्तकांना मधोमध पिना मारलेल्या चालतात, पण त्या गंजणाऱ्या नसाव्यात. आतील कागद ८० जीएसएमचा, म्हणजे प्रति चौरस मीटर ८० ग्रॅम वजनाचा, घ्यावा. ६० किंवा ७० जीएसएमचा कागद एक वर्षासाठी ठीक असला तरी खोडरबराने घासल्यावर लवकर फाटतो. मुखपृष्ठ २५० ते ३०० जीएसएमच्या कार्डाचे, लॅमिनेशन केलेले असावे. पाठीकडचा समास सढळ ठेवावा, म्हणजे पुढे दुरुस्तीसाठी शिलाई आत घेता येते. पुस्तक फार जाड होत असेल तर दोन सत्रांचे दोन भाग करावेत. दप्तर हलके होते आणि एक भाग हरवला तरी अर्धेच नुकसान होते.

छपाई आपल्याकडे असेल तर मजकुराच्या रचनेकडेही लक्ष द्यावे. स्वाध्यायात रिकाम्या चौकटी आणि तुटक रेषा ठेवल्या तर मूल त्या भरणारच. त्याऐवजी 'उत्तर वहीत लिही' अशी सूचना द्यावी आणि चौकटींच्या जागी क्रमांक द्यावेत.

दृष्टिहीन किंवा अंधुक दिसणाऱ्या मुलांची मागणी इतरांच्या आधी नोंदवावी. ब्रेलमधील एका पुस्तकाचे अनेक खंड होतात आणि ते तयार व्हायला वेळ लागतो. हे खंड कपाटात उभे ठेवावेत, कारण एकावर एक आडवे रचल्यास वजनाने उठाव दबतात आणि बोटांना अक्षरे लागत नाहीत.

चौथी पायरी: क्रमांक, शिक्का आणि नोंदवही

नवी पुस्तके शाळेत आली की वाटपापूर्वी प्रत्येक प्रतीवर शाळेचा शिक्का आणि क्रमांक टाकावा. क्रमांकात इयत्ता, विषय आणि अनुक्रम कळले पाहिजेत, उदाहरणार्थ '४-गणित-०१७'. तो मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूस आणि आत एका ठरलेल्या पानावर, समजा २५ व्या पानावर, असा दोन ठिकाणी लिहावा. मुखपृष्ठ गळून पडले तरी पुस्तक ओळखता येते.

मुखपृष्ठाच्या आत एक छापील तक्ता चिकटवावा. त्यात वर्ष, मुलाचे नाव, घेतानाची स्थिती आणि परत करतानाची स्थिती असे चार रकाने पुरतात. या तक्त्याचा परिणाम नोंदवहीपेक्षा अधिक होतो, कारण आपल्या आधी हे पुस्तक कोणी वापरले ते मुलाला दिसते आणि आपले नावही पुढचे मूल वाचणार आहे हे त्याच्या ध्यानात येते. स्थितीसाठी नवे, चांगले, वापरण्याजोगे आणि दुरुस्तीचे असे चारच शब्द वापरावेत. अधिक बारकावे केले की दोन शिक्षकांच्या नोंदी जुळत नाहीत.

मुख्य नोंदवही एकच असावी आणि ती वर्गशिक्षकांऐवजी पुस्तकांची जबाबदारी सोपवलेल्या व्यक्तीकडे असावी. संगणकावर यादी ठेवली तरी वाटपाच्या आणि परतीच्या दिवशी कागदावरची प्रत हाताशी ठेवावी. नोंदी साध्या असाव्यात. शिक्षकांवर पुस्तकाची आर्थिक जबाबदारी टाकणारे हमीपत्र लिहून घेऊ नये. ज्याच्या पगारातून पैसे कापले जाण्याची शक्यता आहे तो पुस्तके वाटणार नाही, हे सांगायला अभ्यासाची गरज नाही.

पाचवी पायरी: वाटपाचा दिवस

वाटप शाळा सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यातच व्हावे. या दिवशी एका गोष्टीकडे काटेकोर लक्ष द्यावे, ती म्हणजे नवी आणि जुनी पुस्तके कोणाच्या वाट्याला येतात. हजेरीच्या क्रमांकाप्रमाणे पुस्तके देणे सोपे असते, पण काही क्रमांकांच्या मुलांना चारही पुस्तके जुनी मिळतात. शिक्षकांच्या नकळत नवी पुस्तके पुढच्या बाकांवर आणि फाटकी मागच्या बाकांवर जाण्याचा धोका त्याहून वाईट आहे. आदल्या दिवशीच गठ्ठे बांधावेत: प्रत्येक गठ्ठ्यात एखादे नवे, दोन चांगली आणि एखादे वापरण्याजोगे पुस्तक अशी मिसळ करावी, गठ्ठ्यांना क्रमांक द्यावेत आणि मुलांना चिठ्ठ्या उचलायला सांगाव्यात. मुलांना यातला न्याय लगेच समजतो आणि तक्रारी जवळजवळ राहत नाहीत.

गठ्ठा हातात आल्यावर प्रत्येक मुलाने दहा मिनिटे आपले पुस्तक पानापानाने पाहावे. फाटलेले पान, शाईचा डाग, गळालेला नकाशा जे काही आढळेल ते शिक्षकाला दाखवावे आणि तक्त्यात तशी नोंद व्हावी. लहान मुलांसोबत वरच्या वर्गातील मुले बसवली तर हे काम लवकर उरकते. आधीच्या मुलाने केलेल्या नुकसानीचा ठपका या मुलावर येऊ नये यासाठी ही तपासणी आहे, आणि हे कारण मुलांना शब्दांत सांगावे.

त्यानंतर कव्हर घालण्याचा तास ठेवावा. कव्हराचा कागद शाळेने पुरवावा. 'घरून कव्हर घालून आणा' म्हटले की मोफत पुस्तकाला खर्च चिकटतो. कव्हर मुखपृष्ठाला डिंकाने किंवा चिकटपट्टीने चिकटवू नये, फक्त आत दुमडून बसवावे, कारण वर्षाअखेरीस ते काढून टाकायचे असते. पाणी न झिरपणारी एक साधी पिशवी पुस्तकांसाठी मिळाली तर पावसाळ्यातले निम्मे नुकसान टळते.

पालकांना द्यायची चिठ्ठी अर्ध्या पानाची पुरे. पुस्तके मोफत आहेत, ती घरी आणायची आहेत, वर्षाअखेरीस परत द्यायची आहेत आणि वापरताना होणाऱ्या झिजेसाठी कोणालाही जबाबदार धरले जाणार नाही, या चार गोष्टी तीत असाव्यात. ज्या घरी वाचता येत नाही, तिथे हेच पालकसभेत तोंडी सांगावे.

सहावी पायरी: वर्षभराचा वापर

पुस्तक घरी नेऊ द्यावे. याविषयी माझे मत ठाम आहे. ज्या घरात दुसरे एकही पुस्तक नाही, तिथे पाठ्यपुस्तक हेच मुलाचे, त्याच्या धाकट्या भावंडांचे आणि कधी कधी आईवडिलांचेही वाचनाचे साधन असते. घरी गेल्याने पुस्तक थोडे लवकर झिजेल आणि पाच वर्षांऐवजी तीन वर्षे चालेल; तो खर्च हिशोबात धरावा आणि पुस्तक जाऊ द्यावे.

पुस्तकात लिहू नये हा नियम ठेवताना मुलांना पर्याय द्यावा लागतो. कठीण शब्दाखाली पेन्सिलीने हलकी रेघ चालेल, कारण ती पुसता येते. पेन आणि रंगीत मार्कर मात्र चालणार नाहीत. टिपणांसाठी वहीचे पान मधोमध दुमडून डावीकडे पुस्तकाचा पान क्रमांक आणि उजवीकडे टिपण अशी सवय तिसरी-चौथीत लावता येते, आणि पुढे ती अभ्यासाला उपयोगी पडते. महिन्यातून एकदा वर्गातच दहा मिनिटांची पाहणी करावी, सैल झालेले पान तेव्हाच बाजूला काढावे. सुटलेले एक पान वेळीच बसवले नाही तर त्याच्या शेजारची पानेही सुटत जातात.

पुस्तक हरवणारच. ते हरवले म्हणून मुलाला वर्गात उभे करणे, दंड आकारणे किंवा प्रगतिपुस्तक अथवा शाळा सोडल्याचा दाखला अडवून ठेवणे हे चुकीचे आहे. दंड भरू न शकणारे घर पुढच्या वर्षी पुस्तक घ्यायलाच नकार देते, आणि ज्याच्यासाठी योजना केली तेच मूल तिच्या बाहेर पडते. कसे हरवले ते शांतपणे विचारावे, नोंद करावी आणि राखीव साठ्यातून दुसरी प्रत त्याच आठवड्यात द्यावी. एकाच मुलाची पुस्तके वारंवार हरवत असतील तर बहुतेक वेळा कारण घरच्या अडचणीत असते: ठेवायला जागा नसते, छत गळते किंवा कुटुंब सतत स्थलांतर करते. अशा मुलासाठी वर्गात एक कप्पा द्यावा. वर्षाच्या मध्यात कुटुंब दुसरीकडे जात असेल आणि तिथेही तोच अभ्यासक्रम असेल, तर पुस्तके मुलाबरोबर जाऊ द्यावीत व नोंदवहीत 'स्थलांतर' असे लिहावे. शाळेच्या चार प्रती कमी होतील, पण त्या मुलाचे वर्ष वाचेल.

सातवी पायरी: परत घेणे आणि दुरुस्ती

पुस्तके परीक्षेनंतर आणि सुट्टी लागण्याआधी परत घ्यावीत. सुट्टीनंतर मागितलेली पुस्तके सापडत नाहीत. मुलांनी आधी कव्हर काढावे, पेन्सिलीच्या खुणा मऊ खोडरबराने एकाच दिशेने पुसाव्यात, कोपरे सरळ करावेत आणि मग रांगेने नोंदीसाठी यावे. जमा पुस्तकाची स्थिती मुलासमोर तक्त्यात लिहावी आणि घेतानाच्या स्थितीशी ती ताडून पाहावी. एका पायरीची घसरण, म्हणजे 'चांगले' असलेले 'वापरण्याजोगे' होणे, ही सामान्य झीज समजावी.

दुरुस्तीसाठी पालक, वरच्या वर्गातील मुले आणि शिक्षक यांनी मिळून दोन-तीन दिवस द्यावेत. साहित्य थोडेच लागते: पांढरा गोंद, मऊ कुंचला, खालची अक्षरे दिसतील इतका पातळ कागद, मेणकागद, कापडी पट्टी आणि वजनासाठी काही जड वस्तू. सेलोटेप मुळीच वापरू नये. ती काही वर्षांत पिवळी पडते, तिचा चिकटा पसरून शेजारचे पान धरतो आणि काढताना अक्षरांसकट कागद निघतो.

फाटलेले पान जोडताना ते सपाट ठेवून फाटीच्या दोन्ही कडांचे बारीक तंतू एकमेकांवर बसवावेत. पातळ कागदाची बोटभर रुंद पट्टी, शक्य तर हाताने फाडलेली, घ्यावी, कारण कात्रीने कापलेली धारदार कड पुढे पानावर घडी पाडते. पट्टीवर पाण्याने सैल केलेल्या गोंदाचा हलका हात फिरवावा, ती फाटीवर ठेवून बोटाने मधून बाहेरच्या दिशेने दाबावी, वर-खाली मेणकागद ठेवून पुस्तक मिटावे आणि रात्रभर वजनाखाली राहू द्यावे. पूर्ण सुटलेल्या पानाच्या आतील कडेला गोंदाची दोन-तीन मिलिमीटरची रेघ द्यावी, पान शिलाईपर्यंत आत सरकवून बसवावे आणि त्याचप्रमाणे दाबून ठेवावे. गोंद जास्त झाला तर शेजारची पाने चिकटतात, म्हणून कमीच घ्यावा. कणा सैल झाला असेल तर बाहेरून कापडी पट्टी लावावी. अनेक घड्या सुटल्या असतील तर पुस्तक बांधणीवाल्याकडे द्यावे.

भिजलेले पुस्तक उन्हात टाकू नये. ते उभे करून पाने पंख्यासारखी उघडावीत आणि वाऱ्यावर वाळू द्यावे. गुळगुळीत कागद असेल तर पाने ओली असतानाच मध्ये कोरे कागद घालावेत, कारण वाळल्यावर ती एकमेकांना घट्ट चिकटतात. बुरशी आलेली पुस्तके इतरांपासून वेगळी ठेवावीत, पूर्ण वाळल्यावर ती उघड्यावर, नाकातोंडावर कापड बांधून मोठ्या माणसानेच झटकावीत. हे काम मुलांना देऊ नये.

आठवी पायरी: साठवण आणि बाद करणे

सुट्टीतील साठवणीसाठी कोरडी, हवेशीर खोली निवडावी. कपाट भिंतीला चिकटवू नये आणि सर्वांत खालचा कप्पा जमिनीपासून वीतभर वर असावा, म्हणजे वाळवी व ओल लगेच लक्षात येते. पुस्तके इयत्ता आणि विषय यांप्रमाणे लावून प्रत्येक कप्प्यावर संख्या लिहावी, आणि सुट्टीत निदान एकदा कोणीतरी कपाट उघडून पाहावे.

प्रत्येक पुस्तक जपत बसण्यातही अर्थ नसतो. अक्षरे पुसट झाली, पाने गहाळ झाली किंवा मजकूर कालबाह्य झाला की पुस्तक बाद करावे. एखादी चूक किंवा बदललेली आकडेवारी असेल तर दुरुस्तीची चिठ्ठी त्या पानावर चिकटवून काम भागते, पण अशा चिठ्ठ्या वाढू लागल्या तर ते पुस्तक मुलाला देऊ नये. फाटके आणि जुनाट पुस्तक मिळालेल्या मुलाला आपली किंमत किती केली जाते ते बरोबर कळते. बाद प्रतीवर तसा शिक्का मारावा, नोंदवहीत तारीख लिहावी, आणि तीतले नकाशे, चित्रे व कविता वर्गातील तक्त्यांसाठी कापून घ्याव्यात. उरलेला कागद पुनर्प्रक्रियेला द्यावा. दुसऱ्या गरजू शाळेला पाठवायची ती पुस्तके आपल्या मुलांना आपण निःसंकोच दिली असती अशीच असावीत.

बाद प्रतींची संख्या हाती आल्यावरच पुढच्या वर्षाची मागणी ठरते, म्हणून दुरुस्ती संपताच त्याच आठवड्यात मोजणी पूर्ण करावी. आवश्यक प्रतींतून वापरण्याजोग्या प्रती वजा कराव्यात, मध्यात येणाऱ्या मुलांसाठी आणि हरवण्यासाठी राखीव प्रती मिळवाव्यात, आणि छपाई व वाहतुकीला लागणारा वेळ धरून मागणी सुट्टी लागण्यापूर्वी रवाना करावी. तिची एक प्रत नोंदवहीत लावावी आणि किती पुस्तके परत आली, किती दुरुस्त झाली, किती नवी मागवली हे तीन आकडे पालकांना दिसतील असे शाळेच्या फलकावर लिहावेत.